खाड्याचा दिवस

३ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच शिवणयंत्राच्या खणात टाकणार, रिकाम्या रिळांबरोबर, हे मला माहीत आहे. टाक. कधीतरी हाताला लागेलच. बॉबिन शोधायला खण उघडलास की तुला जगातलं सगळं सापडतं, बॉबिन सोडून.

मी बरी आहे. आरोग्य केंद्रही आहे तसंच आहे. तपासणीच्या टेबलाचा एक पाय अजून आखूड आहे आणि त्याखाली अजून तेच औषधाचं खोकं आहे. खोक्यावरची मुदत कधीच संपली, टेबल मात्र उभं आहे. सिस्टर, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या नर्सबाई, एप्रिलअखेर निवृत्त होतायत. त्यांच्यामागे मी हे केंद्र कसं चालवणार याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी.

मी अजून अस्थायीच. चार वर्षं होत आली, तरी सरकारच्या लेखी मी काल आले आणि उद्या जाणार. माझ्या नेमणुकीची गंमत तुला आठवत असेल. तीनशे चौसष्ट दिवसांचा हुकूम, मग एक दिवस काहीच नाही, मग पुन्हा तीनशे चौसष्ट. सलग वर्ष भरलं तर मी कायम करा म्हणून हक्क सांगेन, त्यासाठी मध्ये ही पाचर. कागदावर तिला 'तांत्रिक खंड' म्हणतात, आम्ही 'खाडा' म्हणतो. चौदा जून. त्या दिवशी मी डॉक्टर नसते. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ना, इथे वैद्य वर्षातून एकदा रीतसर मरतो आणि पंधरा तारखेला पुन्हा रुजू होतो.

बातमी अशी, की पुढच्या शिक्षणाच्या ज्या जागा सरकारी डॉक्टरांसाठी राखीव असतात, त्या यंदा प्रथमच अस्थायींनाही मिळणार आहेत. परीक्षेत मला मार्क बरे पडलेत. आता अट एकच, सेवा सलग तीन वर्षांची हवी. खाड्याच्या दिवशीही प्रत्यक्ष काम केल्याचं सिद्ध केलं, तर तो खाडा मोजणार नाहीत. मिळाली तर बाळंतपणाची शाखा घेईन.

हे पत्र नुसतंच लिहिलंय. काम काही नाही. घड्याळवाल्यांना नमस्कार सांग. भाऊजी म्हणायला जीभ अजून वळत नाही.

तुझी,
बटण

(तिसऱ्या वर्षी तुझ्या डब्यातलं बटण गिळलं त्याचं हे नाव. अजून चालू आहे ना, की तेही रद्द?)


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मी उगाच व्हरांड्यात येते. परवा त्याने विचारलं, "डॉक्टर, कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, औषधांच्या पार्सलची. आता तो रोज येऊन "पार्सल नाही" असं सांगून जातो.

गेल्या आठवड्यात एक बाई आली. मूल आडवं होतं. पोट उघडायला हवं होतं आणि ते मला येत नाही. चार तासांच्या रस्त्यावर मोठ्या इस्पितळात पाठवली. सिस्टर गाडीत बरोबर गेल्या. बाई परत आली, बाळ नाही आलं. तिने माझ्यावर राग धरला नाही. जाताना उलट म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, बाई." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मला काय करता येतं ते शिकायचंय, ताई. म्हणून ती जागा हवी.

आज दुसरं एक सांगायचंय. पावणेदोन वर्षं पोटात ठेवलं.

त्या दिवशी माझी बस चुकली नव्हती.

तू तुमच्या लग्नाच्या नोंदणीची तारीखसुद्धा माझ्या खाड्यावर धरली होतीस. वर्षातला तो एक दिवस हिचा स्वतःचा असतो, त्या दिवशी ही साक्षीदार म्हणून येईल आणि सही करेल, असं तू घड्याळवाल्यांना सांगितलं होतंस. मी तू शिवून पाठवलेला निळा झगा घातला होता. आठ दहाची बस वेळेवर आली. माझा एक पाय पायरीवर होता तेव्हा सिस्टर धावत आल्या. सिस्टरना मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

बाळाचा खांदा अडकला होता. तो सोडवला, मुलगी रडली, आम्ही हसलो, आणि मग आईला रक्तस्राव सुरू झाला. एक हात आत, एक मूठ पोटावर, अशी मी पंचवीस मिनिटं उभी होते. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि नऊ वाजले, तिकडे तू केस बांधत असशील, असं काहीबाही मनात येत होतं. रक्त थांबलं. पण तिला सोडून निघण्यासारखी ती दुपारी तीनपर्यंत नव्हती. तुमचं नोंदणीचं कार्यालय पाचला बंद होतं आणि मधे चार तासांचा रस्ता.

रजिस्टरमध्ये सही करायला मी पेन घेतलं, तर सिस्टरनी हात धरला. "तुमची सही नको. आज तुम्ही कोणी नाही. उद्या या बाईला काही झालं, तर नेमणूक नसताना हात लावला म्हणून तुम्हाला आत टाकतील." आणि त्यांनी स्वतःची सही केली. डॉक्टर हजर नव्हत्या, बाळंतपण मी केलं, असं लिहिलं. मला वाचवायला त्या खोटं बोलल्या. त्यांची नोकरी जाऊ नये म्हणून मग मीही गप्प बसले. फोनची रेंज आमच्याकडे फक्त कार्यालयाच्या खिडकीत येते आणि खिडकीच्या आत हेडक्लार्क बसतो. त्याच्यासमोर तुला काय सांगणार? तोंडाला आलं ते बोलले. बस चुकली.

झग्यावरचा डाग गेला नाही. लिंबू लावून पाहिलं, मीठ लावून पाहिलं. ट्रंकेत आहे.

बटण


६ मार्च

ताई,

आता खरं लिहिते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालंय. पहिल्या पत्रात 'नुसतंच लिहिलंय' म्हटलं होतं, ते खोटं होतं. तेव्हाच मला तुझ्याकडून एक कागद हवा होता. दुसऱ्या पत्रातलं मात्र सगळं खरं आहे. पण तेही याच वेळी का आठवलं, असं तू विचारशील, आणि तुझं बरोबर असेल.

तीन खाडे आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या खाड्याला मी तापखोकल्याचे पेशंट पाहिले, चिठ्ठ्यांवर माझ्या सह्या आहेत, ते मान्य झाले. अडलंय मधल्यावर, तुझ्या दिवसावर. सिस्टर आपणहून म्हणाल्या, "मी लिहून देते, बाळंतपण डॉक्टरांनीच केलं, मी नुसतं लिहिलं." मी नको म्हटलं. निवृत्तीच्या तोंडावर खोटी नोंद केल्याची कबुली कोण देतं? त्या म्हणाल्या, "पेन्शन अडवली तर अडवू देत, तुमच्या ताईकडे शिवण शिकेन." आणि दिलं लिहून.

त्यावर हेडक्लार्कने माझी फाइल उघडली आणि एक कागद पुढे सरकवला. माझ्याच अक्षरातला. 'दिनांक १४ जून रोजी माझ्या थोरल्या बहिणीच्या विवाह नोंदणीस मी साक्षीदार म्हणून उपस्थित राहणार असल्याने केंद्रात नसेन, ही विनंती.' ज्या दिवशी मला नोकरीच नव्हती, त्या दिवसाची मी रजा मागितली होती. कुणी मागितला नव्हता तो अर्ज. मला नुसतं लिहून द्यायचं होतं गं, सगळ्यांना कळावं म्हणून, की माझ्या ताईचं लग्न आहे आणि सही माझी आहे.

हेडक्लार्क म्हणाला, "नर्सबाई म्हणतात तुम्ही इथे होतात. तुम्ही स्वतः लिहिताय तिथे होतात. कार्यालयाने कुणाचं धरायचं?" वाईट माणूस नाही तो. त्यानेच उपाय सुचवला. तिथल्या नोंदीची नक्कल आणा. त्यात साक्षीदार दुसराच असेल, तर तुम्ही तिथे नव्हता हे आपोआप ठरलं.

साक्षीदार दुसराच होता, हे मावशीने मला तेव्हाच सांगितलं होतं. मी आले नाही म्हणून ऐन वेळी कार्यालयासमोरच्या चहावाल्याला उभं केलंत. तुझ्या लग्नाच्या दाखल्यावर माझ्या जागी चहावाल्याची सही आहे. तो दाखला मला हवा आहे. एकतीस मार्चच्या आत. तुझा जिथे अपमान झाला, नेमका तोच कागद मी मागतेय, हे मला कळतं.

आणखी एक आहे, ते कुठल्याच अर्जात लिहिता येत नाही. तू घड्याळवाल्यांविषयी पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, "या वयात?" उचलली जीभ लावली टाळ्याला. मी शिकून डॉक्टर होईपर्यंत तू स्वतःचं सगळं थांबवून ठेवलंस, म्हणून तर 'हे वय' झालं. आणि त्या सकाळी सिस्टरनी हाक मारली तेव्हा बसच्या पायरीवरून पाय काढताना मला क्षणभर बरं वाटलं. एकच क्षण. सही केली की तू दुसऱ्या कुणाची होणार, आणि घरी आले की दार तू नाही उघडणार, ते उघडतील, अशी भीती होती. बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर बाईला वाटण्यासारखी ही गोष्ट नाही. पण वाटली.

बटण


७ मार्च

ताई,

कालचं पत्र फाडून टाक. दाखला नको. जागा पुढच्या वर्षीही असतील, नसल्या तर नसतील. कागदासाठी दार ठोठावलं आणि कागद घेऊन परत गेले, असं मला व्हायला नकोय.

पाठदुखी कशी आहे? उंच स्टूल घे म्हणून किती वेळा सांगितलं. घेतलंस का, तेवढं कळव.

बटण


२२ मार्च

ताई,

आज पोस्टमन लांबूनच ओरडला, "पार्सल!" आणि हातात पातळ पाकीट. औषधांचं एवढंसं पार्सल बघून त्याला माझी दया आली असावी.

आत दोन कागद. एक तुझी मापाची चिठ्ठी, पुढच्या बाजूला कुणाच्या तरी कंबरेचं माप, मागे तुझं अक्षर. दुसरा म्हणजे तिथल्या कार्यालयाचा शिक्का असलेली नोंदीची नक्कल. ती मी आधी वाचली. उभ्याने वाचली, मग बसून वाचली, मग सिस्टरना मोठ्याने वाचून दाखवली, आणि शेवटची ओळ त्यांनी हातातून घेऊन पुरी केली.

'वर, वधू व दोन साक्षीदार हजर. तिसरी साक्षीदार, वधूची धाकटी बहीण, व्यवसाय डॉक्टर, कार्यालय बंद होईपर्यंत गैरहजर. बदली साक्षीदार उपलब्ध असूनही वधूने नाकारला. सबब नोंदणी तहकूब.'

म्हणजे तुमचं लग्न झालंच नाही.

मग तुझी चिठ्ठी वाचली. तुझी पत्रं पगाराच्या पावतीसारखी असतात, तरी ही पाठ झाली आहे. 'मावशीला अर्धंच माहीत. चहावाला आला होता, हात धुऊन, पेन मागून घेऊन बसला होता. मीच नको म्हटलं. सही तुझी ठरली होती. बस चुकली म्हणालीस. पुढची बस दीड तासाने होती, मी स्टँडवर फोन करून विचारलं होतं. म्हणून तुला यायचंच नव्हतं असं धरलं. लोकांना आमचं झालं असं वाटतं, आम्ही वाटू देतो. दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. कागदाची घाई आम्हाला नाही, तुला आहे, म्हणून पाठवला. स्टूल घेतलं. झगा घेऊन ये, पुढचा भाग बदलून देते. कापड शिल्लक आहे.'

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं सगळे तुझ्याबद्दल म्हणत आले. मीही म्हटलंय. आज त्या पिळापुढे मी हात जोडले. माझ्यावर रागावून तू पावणेदोन वर्षं माझा फोन उचलला नाहीस, आणि तेवढाच काळ माझ्या सहीची जागा कुणाला दिली नाहीस. चहावाल्याला नाही, मावशीला नाही. आणि तो बिचारा माणूस एवढा काळ दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करत थांबला. त्यांना कधी वाटलं नाही का, की ही बाई वेडी आहे? मला विचारायचंय त्यांना.

तू रागावलेली आहेस अजून, ते 'कंबर ३४' च्या मागे लिहिलंस यावरून कळलं. राहा. पण मी आता रडतेय आणि सिस्टर दारात उभ्या राहून पेशंटना सांगतायत, "डॉक्टर पाच मिनिटांत येतील, घरून पत्र आलंय."

बटण


२ एप्रिल

ताई,

तीस तारखेला कागदपत्रांची पडताळणी झाली. लांब हॉल, चार टेबलं, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकावर पाण्याची बाटली. माझ्या टेबलावरच्या बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून वाचणाऱ्या. सिस्टरही आल्या होत्या, इस्त्री केलेल्या गणवेशात, जणू त्यांचाच इंटरव्ह्यू.

बाईंनी आधी माझा रजेचा अर्ज वाचला, मग सिस्टरचं निवेदन, मग तुझी नक्कल. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा वर सरकवला.

"हे काय आणलंत? गैरहजेरीचा दाखला?"

"हो."

"माझ्या नोकरीत हजेरीचे दाखले हजारो पाहिले. हा पहिलाच." त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचलं. "तिथे गैरहजर होतात, म्हणून इथे हजर होतात. बरोबर?"

"बरोबर."

"मग या तुमच्या बहिणीचं लग्न नंतर झालं की नाही?"

"नाही. माझी सही राहिली आहे."

"अजून?"

सिस्टर मागून म्हणाल्या, "त्या दुसऱ्याची घेत नाहीत."

बाईंनी बाटली इकडची तिकडे केली. मग सिस्टरना म्हणाल्या, "खोटी नोंद केलीत, तुम्हाला लेखी समज मिळेल." सिस्टर म्हणाल्या, "मिळू दे." मग त्यांनी माझ्या अर्जाच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'खंड नाही. सेवा अखंड.' आणि शिक्का मारला. कागद परत देताना हळूच म्हणाल्या, "जागेचं काय व्हायचं ते मार्कांवर होईल. पण ते दुसरं काम आधी उरका."

सिस्टरना समज मिळाली. पेन्शनला धक्का नाही. समजेचा कागद त्यांनी घरी नेला, एकतीस वर्षांत सरकारने आपणहून लिहिलेलं हे पहिलंच पत्र म्हणून.

यादी मेमध्ये लागेल. झोप लागत नाही, पण ती वेगळ्या कारणाने. नोटिसीचे दिवस मोजून पुन्हा अर्ज भरा. घड्याळवाल्यांना सांग, तारीख मी सांगते.

बटण


११ जून

ताई,

यादीत माझं नाव शेवटून तिसरं आहे. शेवटून तिसरं म्हणजे आतच. बाळंतपणाची शाखा, मोठं इस्पितळ, तीन वर्षं. त्यानंतर पाच वर्षं पुन्हा याच केंद्रात यायचं लिहून दिलंय. आखूड पायाच्या टेबलाला मी तसं सांगून ठेवलंय. ती मूल गमावलेली बाई परवा भेटली, तिला सांगितलं. ती म्हणाली, "लवकर शिकून या." मी हो म्हटलं. याहून मोठं वचन मी आजवर कुणाला दिलेलं नाही.

चौदाला माझा खाडा. शेजारच्या केंद्रातले डॉक्टर त्या दिवशी इथे बसतील, आणि सिस्टर निवृत्त असूनही त्यांच्यावर नजर ठेवायला येतील. कुणी धावत आलं तरी बसच्या पायरीवर मी नसेन. मी तेराच्या संध्याकाळीच निघतेय. दार तू उघड किंवा भाऊजींना उघडू दे, मला दोन्ही चालेल. हो, भाऊजीच लिहिलंय. सवय करतेय.

डागाचा झगा पिशवीत वर ठेवलाय. रात्रीत पुढचा भाग बदलशील ना? नाहीतर तसाच घालते. तो डाग कशाचा आहे ते आता तुला माहीत आहे.

हेडक्लार्ककडे आज अर्ज दिला. त्याने डोक्याला हात लावला. "डॉक्टर, खाड्याला अर्ज लागत नाही, किती वेळा सांगू?" मी म्हटलं, फाइलला लावा. त्याने वाचला आणि आवक क्रमांक टाकला. 'दिनांक १४ जून रोजी माझ्या थोरल्या बहिणीच्या विवाह नोंदणीस मी साक्षीदार म्हणून उपस्थित राहणार असल्याने केंद्रात नसेन.' या वेळी 'ही विनंती' लिहिलं नाही.

चहावाल्याला निरोप दे, यंदा हात धुऊन बसायची गरज नाही. चहा मात्र पाच कप लागेल.

तुझी,
बटण